मुका खांब

आमच्या घरात एखादी वस्तू उघडी दिसली, तर ती कालच आणली असे पाहुण्यांनी खुशाल समजावे. टीव्हीवर रुमाल, फ्रीजवर रुमाल, पाण्याच्या माठावर कडेने मणी लावलेला रुमाल, मिक्सरला झबले, गॅसच्या सिलिंडरला परकर. सगळे क्रोशाचे. रेडिओ बंद पडून भंगारात गेला त्याला वीस वर्षे झाली, पण त्याचा रुमाल अजून शाबूत आहे. त्याखाली हल्ली माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा असतो. चाळीस वर्षांच्या संसारात मी एकदाच तक्रार केली. म्हटले, "अगं, या घरात बिनरुमालाचा आता मीच तेवढा उरलोय." त्यावर ही सुईवरची नजर न काढता म्हणाली, "तुमचं माप मोठं आहे. दोरा परवडत नाही."

याची सुरुवात आमच्या लग्नातच झाली. १९८४ साली रुखवत मांडले होते, त्यात क्रोशाचे तोरण होते, ताटावर झाकायचे रुमाल होते, पानाभोवती मांडायची क्रोशाची रांगोळी होती आणि शेपटीवर टिकल्या लावलेला एक मोर होता. आमच्याकडच्या बायका एकेक रुमाल उचलून उलट बाजूने पाहत होत्या. मुलगी कशी आहे हे रुमालाच्या उलट बाजूला कळते म्हणे. मी इतिहासाचा मास्तर. ज्या गोष्टीला सनावळी नाही तिच्याकडे बघायची मला सवय नव्हती. मी मित्राच्या कानात पुटपुटलो, "रिकामपणचे उद्योग!" पुढची चाळीस वर्षे माझे हेच मत होते.

आणि मग गेल्या पावसाळ्यात सडा टाकलेल्या अंगणात हिचा पाय घसरला. उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. मुलीला पुण्यात आठवा लागलेला आणि बाळंतविड्यातले पांघरूण अर्धेच झालेले. एकशे बारा टाक्यांच्या चाळीस ओळी झाल्या होत्या आणि तेवढ्याच व्हायच्या होत्या. शेजारच्या वहिनींचा हात चांगला, पण त्यांचे सोयाबीन सोंगायला आलेले. त्या दिवस उगवायला वावरात जात. ही गळ्यात हात अडकवून त्या पांघरुणाकडे बघत बसायची. मला ते बघवेना, आणि माझ्या तोंडून तीन शब्द निघून गेले. "त्यात काय एवढं?"

विवाहित पुरुषाने हे तीन शब्द कधीही उच्चारू नयेत. ही म्हणाली, "मग करा."

दुसऱ्या दिवशी माझे शिक्षण सुरू झाले. गावाचे नाव लोहारा, पण क्रोशाची सुई लोहाऱ्यात काही मिळाली नाही. त्यासाठी यवतमाळला जावे लागले. अर्थात यवतमाळ म्हणजे काही परदेश नव्हे, आमचे गाव शहराला अगदी खेटूनच आहे. दुकानदाराने विचारले, "कितवा नंबर?" मी म्हटले, "चपलेचा का?" त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि चार मिलिमीटरची सुई कागदात गुंडाळून दिली. जाडसर काडी, टोकाला लहानसा आकडा. फ्रेंच भाषेत क्रोशे म्हणजे लहान आकडाच. स्वेटर विणायला दोन सुया लागतात आणि सुईवर शंभर-दीडशे टाके एका वेळी जिवंत ठेवावे लागतात. क्रोशाला एक सुई, आणि जिवंत टाका एकच. तो सुटला आणि दोरा ओढला की महिन्याचे काम दोन मिनिटांत उसवून हातात येते. संसाराला याहून चांगली उपमा मला अजून सुचलेली नाही.

पहिले दोन दिवस मी नुसत्या साखळ्या घातल्या. माझी साखळी इतकी घट्ट की तीत सुईचे टोकसुद्धा शिरेना. ही म्हणाली, "सैल धरा. मुलांचे कान धरल्यासारखा दोरा धरू नका." ओसरीवर बसून हे चाललेले असताना वहिनी वावरातून परत येत होत्या. कुंपणाशी थबकल्या. म्हणाल्या, "काय करून राहिले जी गुरुजी?"

"क्रोशा."

"आता माय! बायकाईचं काम करून राहिले बाप्पा!"

मास्तराला असे कुणी म्हटले की तो पुस्तक काढतो. मीही काढले, आणि हळूहळू कळत गेले की ज्याला मी रिकामपणचा उद्योग म्हणत होतो त्याला चांगली सनावळी आहे.

क्रोशा इजिप्तच्या राण्यांच्या काळापासून चालत आला, अरबांनी जगभर नेला, अशा कथा पुष्कळ आहेत. लिस पालुदान नावाच्या डॅनिश बाईंनी युरोपभरचे पुरावे धुंडाळले आणि मोठा ग्रंथ लिहिला. त्यांना १८०० च्या आधीचा भरवशाचा पुरावा काही सापडला नाही. म्हणजे पानिपत होऊन गेले, नाना फडणीस वारले, तरी जगात क्रोशाचा रुमाल नव्हता! छापील नमुने आले ते १८२४ च्या सुमारास, 'पेनेलोप' नावाच्या एका डच मासिकात. एक मत असे, की हे कसब आले आपल्या पूर्वेकडूनच. ताणून बसवलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने साखळीटाका घालण्याची कला अठराव्या शतकात पूर्वेकडून फ्रान्सला पोचली. आपल्याकडे कच्छचे मोची चामड्याच्या आरीचीच बारीक बहीण घेऊन रेशमाचे भरतकाम करत, तिच्याच जातीची ही कला. पुढे कुणीतरी खालचे कापड काढून टाकले आणि टाके हवेतच घातले. तो क्रोशा. हे मत खरे धरले तर आमच्या टीव्हीवरचा रुमाल आणि पायातली वहाण यांचे गोत्र एकच निघते. मी हे हिला सांगितले. तिने रुमाल झटकून पुन्हा टीव्हीवर घातला.

तिसऱ्या दिवशी खरी वीण सुरू झाली. पांघरुणाची वीण दाणेदार होती. हात फिरवला तर ज्वारीच्या कणसावरून फिरवल्यासारखे वाटावे. मला वाटले, या दाण्यांसाठी काही जबरदस्त विद्या असणार. ही म्हणाली, "दोनच टाके आहेत. एक मुका खांब आणि एक खांब."

मुका खांब म्हणजे बुटका टाका. सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून आणायचा, सुईवर दोन वेढे झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढायचा. संपले. खांब त्याहून उंच. त्याला आधी सुईला दोऱ्याचा एक वेढा द्यायचा, मग सुई टाक्यात. दोरा ओढला की सुईवर तीन वेढे होतात. त्यांतले दोन आधी काढायचे आणि उरलेले दोन नंतर. विदर्भातल्या हेमाडपंती देवळांचे खांब मी मुलांना सहलीत पुष्कळ दाखवले, पण खांब उभा करायला किती घाम गाळावा लागतो ते मला त्या दिवशी समजले.

"सरावाला एकवीस साखळ्या घाला," ही म्हणाली. "सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब, तिसरीत खांब, पुन्हा मुका, पुन्हा खांब. वीस टाके होतील. शेवटी खांब यायला हवा. मग एक साखळी घालून काम उलटं फिरवायचं आणि पुन्हा मुक्यापासून सुरुवात. ध्यानात एवढंच ठेवा, खांबावर मुका, मुक्यावर खांब."

"आणि दाणे?"

"ते आपोआप येतात."

ते येतात कसे, हे मी चष्मा लावून नीट पाहिले. उंच खांबाच्या दोन्ही बाजूंना दोन बुटके. वरून पुन्हा एक बुटकाच त्याच्या डोक्यावर बसतो. त्याला पुरते उभे राहायला जागाच राहत नाही. मग तो बिचारा वाकून बाहेर येतो. त्याचा तो बाहेर आलेला बाक म्हणजेच दाणा. पुढच्या ओळीत मुक्याच्या डोक्यावर खांब येतो, म्हणून पुढचा दाणा एक घर सरकतो. काम दर ओळीला फिरते, म्हणून दाणे दोन्ही बाजूंना उठतात. उलट-सुलट भेद नाही. नवशिक्याला याहून सोपी आणि याहून दिसायला अवघड वीण नसेल.

एवढी सोपी, तरी सहाव्या ओळीनंतर माझे दाणे गायब झाले. उभ्या पट्ट्या दिसू लागल्या. मी तो तुकडा हिच्यापुढे धरला. तिची झोप लागत आली होती. तिने डोळे मिटूनच डाव्या हाताचे बोट त्यावरून फिरवले आणि म्हणाली, "हे सपाट लागतंय. टाके मोजा."

मोजले. एकोणीस भरले.

कडेचा शेवटचा टाका आखडून लपून बसतो, आणि नवशिक्याला तो दिसत नाही. तेवढा एक सुटला की सम संख्येची विषम होते. ओळ खांबाऐवजी मुक्यावर संपते आणि काम फिरवले की मुक्यावर मुका, खांबावर खांब येत जातो. सगळी वीण बरोबर असते आणि सगळीच चुकलेली असते. मी पस्तीस वर्षे हजेरी घेतली, पण वर्गातला एक मुलगा गैरहजर असल्याने शाळाच सपाट झाली असे कधी झाले नाही. उसवले. पुन्हा घातले. असे चार वेळा केले. पाचव्या दिवशी वीस टाक्यांच्या वीस ओळी दाण्यांसकट उतरल्या, तेव्हा मला मूळ पांघरुणाला हात लावायची परवानगी मिळाली.

एकशे बारा टाक्यांची एक ओळ घालायला मला पहिल्यांदा सव्वा तास लागला. हिला बारा-पंधरा मिनिटे लागत. माझी सुई चाले आणि ही शेजारी बसून मी वाचलेला इतिहास ऐके. मी तिला आयर्लंडची गोष्ट सांगितली. १८४५ साली तिथे बटाट्यावर रोग पडला. बटाटा हेच गरिबाचे अन्न. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि रोगराईने मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. त्या काळात मठांतल्या जोगिणींनी आणि पाद्र्यांच्या बायकांनी गावोगाव क्रोशाची लेस शिकवली. क्लोन्स गावात १८४७ साली सुरू झालेले हे काम पुढे नावाजले. पक्क्या सुया परवडत नसत, तर जाड तार वाकवून, घासून, बुचात नाहीतर लाकडात खोचून सुई करत. व्हेनिसची सुईची लेस करायला महिने लागत, आणि तिच्या तोडीची दिसणारी ही लेस झटपट होई. इंग्लंडातल्या श्रीमंत बायकांच्या गळ्याभोवती ती गेली आणि तिच्या पैशावर कित्येक घरांची चूल पेटली, कित्येकांची अमेरिकेची तिकिटे निघाली.

"म्हणजे रिकामपणचा उद्योग नव्हता तो," ही म्हणाली. मी दचकलो. १९८४ साली मी फारच मोठ्याने पुटपुटलो होतो, असे दिसते.

मी घाईघाईने विषय बदलून भारतात आलो. आपल्याकडे १८४४ च्या सुमारास मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याने गोदावरीकाठच्या दुम्मुगुडेममध्ये तिथल्या गरीब दलित बायकांना हे काम शिकवले. तिथून ते खाली आंध्रातल्या नरसापूर भागात पसरले. आमच्या लोहाऱ्यावर पडलेला पाऊसही तिकडेच जातो बरं का! यवतमाळ जिल्ह्याचे पाणी पैनगंगेला आणि वर्धेला, तिथून प्राणहितेला, आणि प्राणहिता मिळते गोदावरीला. म्हणजे आमच्या अंगणातला सडा वाहत वाहत दुम्मुगुडेमवरून नरसापूरकडे जातो. नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या नागपूरच्या संत्र्याला आहे तसे.

पुढे मात्र मला जरा अडखळायला झाले. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या नरसापूरच्या बायकांचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक लिहिले. माल परदेशी जात होता, व्यापारी श्रीमंत होत होते. बायका घरचे सारे उरकून रोज सहा-सहा, आठ-आठ तास सुई चालवत होत्या. पण कुणी विचारले तर नवरे म्हणत, बायको काही काम करत नाही, घरीच असते. बायकाही तसेच म्हणत. फावल्या वेळातले काम म्हणजे काम नव्हे, अशी सगळ्यांची समजूत. त्यामुळे मजुरी वाढवून मागायची कुणी?

हे वाचून दाखवले आणि मी तावातावाने म्हटले, "बघ, कसे पुरुष असतात!"

ही काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "२०११ च्या जनगणनेला आपला वॉर्ड तुमच्याकडेच होता ना?"

होता. मास्तरांच्या नशिबी शिकवण्याखेरीज जी कामे असतात, त्यांत जनगणना पहिली. फेब्रुवारी महिना होता, मी घरोघर फिरून फॉर्म भरले. आपल्या घराचाही भरला. हिला काही विचारले नाही, विचारायचे काय त्यात? काम करत नाही, घरकाम. लिहिले आणि पुढच्या घरी गेलो.

"त्या वर्षी मी यवतमाळच्या दुकानाला तोरणं देत होते," ही म्हणाली. "रुमाल, रांगोळ्या, बाळाचे मोजे. सात वर्षं दिले. मुलगी तेव्हा वसतिगृहात होती. तिच्या खानावळीचे पैसे कुठून जात होते असं वाटलं तुम्हाला?"

मला वाटले होते की तुझ्या काटकसरीतून, असे मी म्हणणार होतो. पण म्हटले नाही. हातातली ओळ अर्धी होती, ती पुरी केली. टाके मोजले. एकशे बारा होते.

रात्री मी हिशेब केला. इतिहासाच्या मास्तराचे गणित कच्चे असते, तरी केला. रोज दुपारी दीड तास धरला, चाळीस वर्षे धरली. जवळजवळ बावीस हजार तास झाले. माझ्या तासांची मला पेन्शन मिळते. या बावीस हजारांची नोंद कुठे, तर टीव्हीवर, फ्रीजवर आणि माठावर. बाकीचे यवतमाळच्या दुकानातून कुणाकुणाच्या रुखवतात गेले. तिथे कुणी मास्तर मित्राच्या कानात काय पुटपुटला असेल, ते त्यालाच ठाऊक.

सकाळी हिला एवढेच म्हणालो, "मी चुकीचं लिहिलं होतं."

"हो," ती म्हणाली. "चहात साखर कमी टाका."

या विद्येला मान देणारे जगात अगदीच नाहीत असे नाही. व्हिक्टोरिया राणीने १९०० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, लढाईवरच्या शिपायांना देण्यासाठी स्वतःच्या हाताने क्रोशाचे आठ गळपट्टे विणले. दाइना तायमिना नावाच्या गणिताच्या प्राध्यापिकेने १९९७ साली अमेरिकेत भूमितीतला एक वाकडा पृष्ठभाग, जो कागदावर धड दाखवता येत नव्हता, तो क्रोशाने विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिला. टाके ठराविक प्रमाणात वाढवत गेल्या, आणि आपसूक झालर पडत गेली. आपल्याकडच्या घरोघरच्या बायकांनी चौकोन विणून पाठवले आणि २०१६ साली चेन्नईत ते जोडून अकरा हजार चौरस मीटरहून मोठे पांघरूण झाले. तो जागतिक विक्रम ठरला. हे मी वहिनींना वावराच्या मापात सांगितले, "पावणेतीन एकर!" वहिनी म्हणाल्या, "निंदाले किती बाया लागल्या असतीन जी!"

आमच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जीन्सचे कापड विणणारा मोठा कारखाना आहे. तिथली यंत्रे मीटरच्या मीटर कापड सोडतात. क्रोशासारखे दिसणारे कापडही यंत्रावर निघते म्हणा, पण बाजारात खरा क्रोशा दिसला तर तो कुणाच्या तरी हातचा असतो. म्हणजे तुम्ही शंभर रुपयांत रुमाल घेतलात, तर त्यात कुणाची तरी एक सबंध दुपार असते. भाव करताना हे ध्यानात ठेवावे. मी हल्ली ठेवतो. म्हणजे भाव करतच नाही.

पांघरूण बारशाच्या चार दिवस आधी पुरे झाले. हिचे प्लास्टर तोवर निघाले होते. शेवटच्या दोन ओळी तिनेच घालाव्यात असे मी म्हटले, पण बोटे वळत नव्हती. तिने फक्त शेवटचा टाका ओढून दोरा कापला. बारशाला बायका पांघरूण उलटसुलट करून पाहत होत्या. वहिनी पुण्यापर्यंत आल्या होत्या. त्यांनी बोट फिरवत फिरवत बरोबर एकेचाळिसाव्या ओळीवर थांबवले. "इथून गुरुजीचा हात लागला," त्या म्हणाल्या. "इथून कडक झालं." मुलीने ते पांघरूण घेतले आणि मऊ बाजू बाळाच्या मानेकडे येईल, कडक बाजू पायाशी जाईल असे घातले. नातीने पहिल्याच झटक्यात माझ्या चाळीस ओळींवर लाथ मारली.

२०२१ ची जनगणना लांबली, आणि ती २०२७ मध्ये घ्यायची असे सरकारने जाहीर केले आहे. कुणीतरी मास्तर आमच्याही दारात येईल. मी ठरवून टाकले आहे, की या खेपेला उत्तरे ही देईल आणि मी शेजारी मुका खांब होऊन बसेन. परवा मी हे हिला सांगितले. ती नव्या टोपड्याच्या साखळ्या मोजत होती. सत्तावीस, अठ्ठावीस करत थांबली आणि म्हणाली, "आणि तुमचा धंदा काय सांगू?"

"सांग की, निवृत्त शिक्षक."

"ते झालंच. पण दुपारचं काय लिहायचं?" तिने माझ्या हातातला नवा तुकडा ओढून घेतला, डोळे मिटून त्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "शिकाऊ. पुन्हा एक टाका कमी आहे."